विमान वळवलं तेव्हा

गेल्या दिवाळीत आमच्या एका स्नेह्यांनी, अर्थातच दुसऱ्या दिवाळी अंकात, असा सिद्धान्त मांडला की अतिउजवं राजकारण हा अडाण्यांना येणारा ताप आहे. शिकलेली, कारभार हाकलेली माणसं त्या पक्षांत शिरली की तो आपोआप उतरतो. दाखला फ्रान्सचा दिला. स्नेही स्वतः निवृत्त अधिकारी, त्यामुळे सिद्धान्ताला आत्मचरित्राचा वास येत होता. पण मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता.

तर घेऊ या फ्रान्सच. ल पेन घराण्याच्या अतिउजव्या पक्षाला शिकलेल्यांचं वावडं कधीच नव्हतं. एकोल पॉलिटेक्निक या नामांकित संस्थेतून निघालेला सरकारी अभियंता ब्रुनो मेग्रे यानं १९८०-९०च्या दशकांत त्या पक्षाची बांधणी केली. त्यानं पक्षाला शिस्त दिली, शब्द दिले. ताप काही उतरला नाही. १९९८च्या अखेरीस मेग्रे आणि थोरले ल पेन यांचं फाटलं. २००२ साली मेग्रे स्वतः राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि अडीच टक्केही मतं त्याला मिळाली नाहीत. विषय संपला.

मला बोलायचंय ते फाब्रिस लेजेरीबद्दल. जन्म १९६८, गाव मुलूझ, म्हणजे जर्मनीला खेटून असलेला आल्सास. शिक्षण एकोल नॉर्माल आणि एना, म्हणजे फ्रान्समध्ये ज्यापुढे बाकीच्यांनी गप्प बसायचं असतं ते सगळं. पुढे गृहखात्यात बेकायदा स्थलांतराचा विभाग. जानेवारी २०१५मध्ये वॉर्साला युरोपीय महासंघाच्या फ्रॉन्टेक्स या सीमासंस्थेचा कार्यकारी संचालक. त्याच वर्षी लाखो माणसं रबरी होड्यांतून ग्रीसच्या बेटांवर उतरली आणि या आडबाजूच्या कचेरीचं नशीब फळफळलं. तिचं वार्षिक अंदाजपत्रक सात वर्षांत पाचपट झालं. २०१९च्या कायद्यानं तिला दहा हजारांचं स्थायी दल मंजूर केलं. त्याच कायद्यानं मूलभूत हक्कांवर नजर ठेवणारे किमान चाळीस निरीक्षक डिसेंबर २०२०पर्यंत नेमायला सांगितले होते. मुदत टळली तरी ते नेमले गेले नव्हते. कुठली भरती वेगानं होते आणि कुठली रेंगाळते, एवढ्यावरून कचेरीचं मन वाचता येतं.

मग एजियन समुद्र. ग्रीक तटरक्षक आश्रय मागायला आलेल्यांच्या होड्या, त्यांचं काही ऐकून न घेता, तुर्कस्तानच्या बाजूला ढकलून देतात, असे आरोप पुराव्यांसह छापून आले. महासंघाच्या ऑलाफ या तपासयंत्रणेनं फ्रॉन्टेक्सची चौकशी केली. ग्रीस सरकार आरोप नाकारत राहिलं, लेजेरीही. ऑलाफचा अहवाल म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे, हे आधीच सांगतो. पण त्यातला एक तपशील माझ्या डोक्यातून जात नाही. टेहळणीचं विमान त्या पट्ट्यातून हलवलं गेलं, आणि दिसू नये म्हणूनच हलवलं, अशा अर्थाची एक नोंद चौकशीत सापडली. कुणी गोळी झाडली नाही, कुणी शिवी दिली नाही. एक विमान दुसरीकडे गेलं.

एप्रिल २०२२मध्ये लेजेरीनं राजीनामा दिला. फेब्रुवारी २०२४मध्ये तो त्याच पक्षात दाखल झाला, जो आता थोरल्या ल पेन यांची मुलगी आणि पक्षाध्यक्ष बार्देला चालवत होते, आणि त्यांच्या युरोपीय यादीत तिसऱ्या जागेवर.

इथे मला लेख संपवायचा होता. शीर्षकसुद्धा ठरलं होतं: 'बुरखा'. पण मॅक्स वेबर आडवा आला. माझं वेबरप्रेम जुनं आहे; घरचे त्याला खोड म्हणतात. १९१९च्या जानेवारीत म्युनिकला राजकारणाच्या व्यवसायावर दिलेल्या व्याख्यानात तो नोकरशहा आणि पुढारी यांच्या इभ्रती वेगळ्या काढतो. नोकरशहानं हरकत जरूर नोंदवावी, पण हुकूम कायम राहिला तर तो स्वतःलाच पटल्यासारखा चोख पार पाडावा. पुढाऱ्याला ही सोय नाही; त्यानं केलेलं त्याच्याच माथी. वेबर इथवर जातो, की उत्तम नोकरशहा हा वाईट पुढारी ठरतो, कारण जबाबदारी वर सरकवण्याची त्याला सवय असते. (हे सांगणाऱ्या वेबरची स्वतःची उमेदवारी त्याच सुमारास हुकली होती. पुढाऱ्यांना प्राध्यापक आवडत नाहीत, हे मात्र त्यानं व्याख्यानात घातलं नाही.)

वेबरच्या मापानं पाहिलं तर २०२४चा लेजेरी सुधारलेला दिसतो. स्वतःचं नाव, स्वतःचं मत, मतपत्रिकेवर उघड. बुरखा वगैरे काही नाही. अडचण होते ती २०१५ ते २०२२ची. तेव्हा त्याचा वरिष्ठ कोण होता? फ्रॉन्टेक्सच्या व्यवस्थापन मंडळात बसतात सदस्यदेशांचे आणि युरोपीय आयोगाचे प्रतिनिधी. त्यांच्यामागे होती बहुतांशी समाजवादी, उदारमतवादी, ख्रिस्ती लोकशाहीवादी अशी सभ्य सरकारं. त्यांनीच त्याला निवडलं, २०१९ला मुदत वाढवून दिली, पैसा ओतला. राजीनाम्यात त्यानं तक्रार केली की ज्या कामासाठी मला नेमलं ते काम कुणी न बोलता बदलून टाकलं. मला ही तक्रार खोटी वाटत नाही. सात वर्षं हुकूम तोंडी नव्हता, कागदावरही नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता. विमान वळवायला कुणालाही पक्षाचं सभासद व्हावं लागलं नाही.

म्हणजे स्नेह्यांचा सिद्धान्त उलटा करूनही भागत नाही. अधिकाऱ्यानं पक्षाला सौम्य केलं की पक्षानं अधिकाऱ्याला बिघडवलं, या वादात मधली कचेरी दोघांच्याही नजरेतून सुटते.

ऑक्टोबर २०२२मध्ये युरोपीय संसदेनं फ्रॉन्टेक्सच्या २०२०च्या हिशेबाला मान्यता नाकारली. जून २०२४मध्ये फ्रान्सच्या ८१पैकी ३० जागा जिंकून बार्देलाची यादी त्याच सभागृहात आली, लेजेरीसकट. फ्रॉन्टेक्सचे हिशेब दरवर्षी तिथे मताला येतात. आता त्यालाही हात वर करता येतो.