माघारी फिरणं हीसुद्धा कृपाच

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



गेल्या आठवड्यात आपल्या परिवाराच्या ग्रुपवर बर्फाचे फोटो आले होते, ते सगळ्यांनी पाहिले असतीलच. अमेरिकेत डेन्व्हरला राहणारं आपलं एक जोडपं भर थंडीत डोंगरातली तळी पाहायला चालत गेलं होतं. वाटेवर तीन तळी. दोन पाहून ते परत फिरले. तिसरं, जिथे ही वाट संपते ते, राहून गेलं. फोटोंवर कौतुकाचे पुष्कळ संदेश आले. त्यात एक असाही होता की, सद्गुरू पाठीशी असताना मागे का फिरलात? लिहिणाऱ्यांचा भाव शुद्धच आहे. पण हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत आपल्या प्रत्येकाच्या घरात येतो. म्हणून आजच्या चिंतनाला आपण तोच घेऊ.

आधी ती वाट समजून घेऊ, कारण इंदूर-बडोद्याच्या किंवा बेळगाव-गोव्याच्या माणसाला तिची कल्पना येणं कठीण आहे. कॉलोराडो राज्यात रॉकी माउंटन नॅशनल पार्क आहे. तिथे बेअर लेक नावाच्या तळ्यापर्यंत गाडी जाते. ही जागाच साधारण ९,४५० फूट उंचीवर आहे. तिथून पायवाट निघते. अर्ध्या मैलावर निम्फ लेक, मग ड्रीम लेक आणि पावणेदोन मैलांच्या थोडं पुढे एमराल्ड लेक. उन्हाळ्यात लहान मुलंसुद्धा ही वाट चालतात. हिवाळ्यात मात्र वाटेवर कितीतरी फूट बर्फ साचतं, तळी गोठतात आणि उन्हाळ्यातली वाट कुठे होती ते कळतही नाही.

अशा बर्फात साध्या बुटांनी चाललं की पाय मांडीपर्यंत खचतो. दहा पावलांत माणूस दमतो. म्हणून बुटाखाली स्नोशू बांधतात. म्हणजे एक रुंद चौकट, आणि घसरू नये म्हणून तिच्या तळाला लोखंडी दात. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी लाकूड वाकवून आणि कच्च्या कातड्याच्या वादीची जाळी विणून ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली. आता चौकट ॲल्युमिनियमची किंवा प्लॅस्टिकची असते, पण तत्त्व तेच. स्नोशूने माणसाचं वजन कमी होत नाही. ते मोठ्या जागेवर पसरतं, एवढंच. तेवढ्याने पाय वर राहतो.

मंडळी, नामाचं आणि सत्संगाचंही असंच आहे ना? घरातलं आजारपण, मुलाची नोकरी, बहिणीचं लग्न, हा भार नाम घेतल्याने नाहीसा होत नाही. पण तो एकट्या जिवावर पडत नाही, पसरतो. मन खचत नाही. ज्यांनी अनुभव घेतला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण आता पुढची गोष्ट नीट लक्षात घ्या. *स्नोशू पायाला खचू देत नाहीत, पण वरचा उतार कोसळायचा थांबवत नाहीत.*

ड्रीम लेकच्या पुढे घळ अरुंद होते आणि वर उभे उतार येतात. हिमकडे बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटतात. आपल्या घरातला जिना साधारण जेवढा चढा असतो, तेवढा किंवा त्याहून थोडा जास्त. कॉलोराडोच्या डोंगरांत थंडी कडक आणि सुरुवातीला बर्फाचा थर पातळ, त्यामुळे जमिनीजवळचं बर्फ साखरेच्या दाण्यांसारखं सुटं होतं. दाणे एकमेकांना धरत नाहीत. त्यावर नवं बर्फ पडतं, वारा आणखी आणून टाकतो, आणि वर घट्ट लादी तयार होते. वरून पाहिलं तर सगळं स्वच्छ, शांत, पांढरंशुभ्र. आत मात्र पायाच कच्चा. कधीकधी माणसाचं पाऊल पडलं की आतून धप्प असा आवाज येतो. तो बर्फाचा इशारा असतो. बहुतेक अपघातांत कडा सुटतो तो त्यात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्या सोबत्याच्याच भाराने.

मग तिथे एवढी पावलं उमटलेली असतात, ती माणसं कशी गेली? आपलं मन हेच विचारतं. पण उमटलेलं पाऊल एवढंच सांगतं की कुणीतरी इथून गेलं. कधी गेलं, तेव्हा वारा कसा होता, तो माणूस परत आला का, हे पाऊल सांगत नाही. नऊ जण जाऊन दहाव्याच्या पायाखाली उतार सुटू शकतो. गोठलेल्या तळ्याचंही तसंच. मधोमध बर्फ पक्कं असतं, पण जिथे ओढा आत येतो किंवा बाहेर पडतो तिथे ते पातळ असू शकतं. वरचा भुसभुशीत थर हे झाकून टाकतो.

हे सगळं जाणणारी माणसं तिथे आहेत. कॉलोराडो ॲव्हलांच इन्फॉर्मेशन सेंटर हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज देतं. पाच पायऱ्यांची मोजपट्टी असते. आपल्या जोडप्याने घरातून निघण्याआधी तो वाचला. त्या दिवशी वरच्या उतारांसाठी तिसरी पायरी होती. ही पायरी फसवी. आकाश निळं असतं, ऊन पडलेलं असतं, डोळ्यांना धोका दिसत नाही. त्यांनी घरीच ठरवलं, ड्रीम लेकच्या पुढे जायचं नाही आणि दुपारी एक वाजता जिथे असू तिथून परतायचं. तळ्यापाशी पोचल्यावर हवा सुरेख होती, पुढे जाणारे लोकही दिसत होते. मोह झाला, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. पण ठरलेलं मोडलं नाही.

आता सांगा, यात श्रद्धा कमी पडली कुठे?

महाभारतातला जयद्रथवधाचा दिवस आठवा. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायचं, नाहीतर अग्निप्रवेश करायचा, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक क्षण मोलाचा. सारथी कोण, तर साक्षात भगवंत. तरी काय झालं? घोडे जखमी झाले, तहानले, तेव्हा रथ भर रणात थांबला. अर्जुनाने बाणाने जमीन भेदून सरोवर निर्माण केलं. श्रीकृष्णांनी घोडे सोडले, त्यांच्या अंगातले बाण काढले, त्यांना पाणी पाजलं, खरारा केला आणि मग रथ पुढे नेला. मी आहे, घोड्यांना काय होतंय, असं भगवंत म्हणाले नाहीत. घोड्याला तहान लागते हा सृष्टीचा नियम, आणि सृष्टी त्यांचीच. तो नियम त्यांनी पाळला. अर्जुनानेही त्या दिवशी कवच काढून ठेवलं नव्हतं.

मग आपण कोण? 🙏

ग्वाल्हेरला जानेवारीच्या धुक्यात समोरचा ट्रक दिसत नसतो. तरी काकड आरतीला पोचायचंच म्हणून आपण पहाटे गाडी काढतो. पावसाळ्यात चोर्ला घाटात पाणी उतरत असतं, आणि उत्सव चुकायला नको म्हणून रात्रीच निघतो. एखादे काका सांगतात, गुरुचरणी आल्यापासून ब्लडप्रेशरची गोळी सोडली. ऐकणारे हात जोडतात, आणि घरी त्यांच्या मुलीचा जीव टांगणीला लागलेला असतो. आपण याला निष्ठा म्हणतो. खरं पाहिलं तर आपण सद्गुरूंची परीक्षा घेत असतो. माझ्या हट्टाची जबाबदारी तुमच्यावर, असा त्याचा अर्थ होतो. लेकराने आईचा हात सोडून रस्त्यावर धावायचं आणि वर म्हणायचं की आई आहेच, याला आईवरचा विश्वास कसा म्हणावा?

सद्गुरू रक्षण करतात, यात शंका नाही. पण कसं करतात? ते दर वेळी कोसळणारा कडा हातावर झेलत नाहीत. बरेचदा ते आधीच बुद्धीत येऊन बसतात. अंदाज वाचायची बुद्धी, ऐकायची नम्रता, घरी शांत मनाने केलेला संकल्प मोहाच्या क्षणी पाळायचं बळ, ही कृपेचीच रूपं आहेत. चार लोक पुढे जात असताना आपली पावलं वळवायला पुढे जाण्यापेक्षा जास्त ताकद लागते. कारण पुढे जाताना अहंकार सोबत करतो. मागे फिरताना त्याला तिथेच ठेवून यावं लागतं.

म्हणून त्या दोघांचं आपण मनापासून कौतुक करू या. तिसरं तळं कुठे जात नाही.

*या आठवड्याची साधना*

१) या आठवड्यात निघायचा एखादा प्रवास असेल, तर "कुठपर्यंत आणि किती वाजेपर्यंत" हे घरातच, देवासमोर बसून ठरवा. मग बाहेर पडल्यावर ते बदलू नका.

२) घरातल्या कुणी गुरूंच्या नावावर औषध किंवा तपासणी सोडली असेल, तर रागावू नका. शेजारी बसा आणि पाणी व गोळी आपल्या हाताने द्या. ही सेवाच आहे.

३) ग्रुपवर कुणी थांबल्याचं, माघारी आल्याचं, कार्यक्रम रद्द केल्याचं कळवलं, तर "का?" विचारण्याआधी "बरं केलंत" लिहा. आपल्या एका शब्दाच्या लाजेने उद्या कुणी धुक्यात गाडी काढू नये.

रात्री सगळे एकत्र असताना हे घरात मोठ्याने वाचावं, ही विनंती. ज्येष्ठांना ऐकवावं, मुलांना समजावून सांगावं.

सर्वांची पावलं सुखरूप घरी येवोत, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.

जय गुरुदेव 🙏🌼