बर्जिल्लयाचें म्हातारपण
शास्त्रपाठ : २ शमुवेल १७:२७–२९ व १९:३१–४०



म्हातारपण कोणास चुकलें आहे? ज्या शेतांत आपण औत धरिलें तेथें आतां मुलगा औत धरितो, आणि आपण बांधावर बसून त्याचें कोठें चुकतें तें पाहत असतों. हे दिवस कसे घालवावे हें शिकविणारा एक पुरुष शास्त्रांत आहे; परंतु आपल्या मंडळ्यांत त्याचें नांव क्वचितच घेतलें जातें.

अबशालोमानें बंड केलें तेव्हां दावीद राजा यरुशलेम सोडून अनवाणी, रडत निघाला आणि यार्देन उतरून महनाईमास आला. बरोबरचे लोक भुकेले, तहानेले व थकलेले होते. पळणाऱ्या राजाचा पक्ष धरणें म्हणजे घरादारावर संकट ओढवून घेणें होय. तरी रोगलीम गांवचा बर्जिल्लय आणखी दोघांसह तेथें आला. त्यांनीं बिछाने, भांडीं, गहूं, सातू, पीठ, हुरडा, मसुरा, मध, लोणी व मेंढरें आणिलीं. या यादींत बिछाने पहिल्यानें लिहिले आहेत. दमून आलेल्या मनुष्यास भाकरीच्याही आधीं पाठ टेकावयास जागा हवी असते, हें पुष्कळ पावसाळे पाहिलेल्यासच सुचतें, असें मला वाटतें.

पुढें बंड मोडलें, राजा परत निघाला. त्यानें बर्जिल्लयास म्हटलें कीं, माझ्याबरोबर यरुशलेमास चल, मी तुझें पोषण करीन. तेव्हां म्हातारा आपलें वय सांगतो : ८० वर्षें. जिभेस चव राहिली नाहीं, गाणाऱ्यांचे सूर कानांस कळत नाहींत, मग राजावर माझें ओझें कां? मला माझ्या गांवीं, आईबापांच्या कबरेजवळ मरूं दे. हा किम्हाम मात्र तुझ्याबरोबर येईल.

बंधूंनो, येथें नीट लक्ष द्या. महनाईमास धान्य पोंचवावयाचें होतें तेव्हां त्यानें वयाची सबब सांगितली नाहीं. मान घ्यावयाची वेळ आली तेव्हां सांगितली. आमचें बहुधा उलट असतें. मृगापूर्वीं मंदिराचीं कौलें परतावयाचीं असलीं, किंवा पलीकडच्या वाडींतील आजाऱ्यास भेटावयाचें असलें, म्हणजे आमचे गुडघे दुखतात. पंचांत बसावयाचें असलें म्हणजे दुखत नाहींत! मी हें दुसऱ्यांवर ढकलीत नाहीं. ज्या मंडळींत मीं पुष्कळ वर्षें उपदेश केला तेथें एक तरुण उपदेशक आला, त्याच्या पहिल्या उपदेशांत मीं चुका मोजल्या. सात झाल्या. उपदेश कोणत्या वचनावर होता, हें मात्र घरीं गेल्यावर मला आठवेना.

तरुणांनींही एक गोष्ट पाहावी. राजानें आधीं विचारिलें, मग बर्जिल्लय नको म्हणाला. ज्यास कोणी विचारीतच नाहीं त्यानें सोडावें तरी काय? त्याच्याकडून तर काढूनच घेतलेलें असतें. सुनेनें कणगीची किल्ली न सांगतां उचलिली, तर सासूजवळ राग उरतो. देण्याचें समाधान तिला मिळत नाहीं. सासूबाई, आज किती दाणे काढूं, एवढें विचारावयास काय खर्च येतो? आणि म्हाताऱ्यानें नको म्हटलें म्हणून दावीदानें त्याचे उपकार फिटले असें मानिलें नाहीं. मरणसमयीं त्यानें शलमोनास बजाविलें कीं, बर्जिल्लयाच्या पुत्रांवर दया कर, ते तुझ्या पंक्तीस जेवोत.

यार्देनेपलीकडे राजानें त्या म्हाताऱ्याचें चुंबन घेतलें, त्यास आशीर्वाद दिला, आणि तो आपल्या गांवीं परत गेला. त्याची कबर कोठें आहे हें शास्त्र सांगत नाहीं. परंतु शेंकडों वर्षांनीं, यिर्मयाच्या काळीं, बेथलेहेमाजवळ एक उतरण्याचें ठिकाण होतें, आणि लोक त्यास किम्हामाच्या नांवानें ओळखीत होते.