मेल मिळाला, मंगळवारी कळवते

भिवंडीत शुक्रवार सुटीचा. यंत्रमाग त्या दिवशी थांबतात, गल्ल्यांमधली खडखड बंद होते आणि आठवडाभर बारा-बारा तासांच्या पाळ्या ओढणाऱ्या माणसाला स्वतःची अशी एक दुपार मिळते. दूरशिक्षणातून पदवी करणारा इथला मुलगा आपली शंका याच दुपारी लिहितो. नमाज, जेवण, बाजारहाट उरकून तो मोबाईलवर मेल उघडतो. त्याच्या शिक्षकाची सुटी मात्र रविवारची. शनिवारी मेल नजरेखालून जातो, उत्तर सोमवारी निघतं. सोमवारी मुलगा मागावर उभा. उत्तर आल्याचं त्याला दिसतं, पण ते शांतपणे वाचून पुढचं विचारायला पुन्हा शुक्रवार उजाडावा लागतो. दोघांचंही काही चुकलेलं नसताना एका शंकेने आठवडा खाल्ला. पंधरा-सोळा आठवड्यांच्या सत्रात अशा किती शंका मावणार?

रमजानमध्ये तर सहेरीनंतर, पहाटे पाचला मेल येतात. रातपाळीवाल्याचा मेल सकाळी आठला येतो आणि त्यानंतर तो दुपारपर्यंत झोपलेला असतो. मेलवरची वेळ पाहिली की विद्यार्थ्याचा दिवस कसा असेल ते कळतं. ती पाहण्याची सवय आम्हा ऑनलाइन शिकवणाऱ्यांना लागायला हवी, असं मला फार वाटतं. वर्गात आम्ही चेहरे वाचतो. इथे वाचायला तेवढीच एक खूण असते.

उत्तराला उशीर झाला म्हणजे नेमकं काय बिघडतं? हुशार, शहरी, घरात दोन पदवीधर असलेल्या मुलाचं फारसं काही बिघडत नाही. तो आठवण करून देतो, दुसऱ्या कुणाला विचारतो, शिकवणी लावतो. पण ज्याच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच आहे, तो गप्प बसतो. उत्तर आलं नाही याचा अर्थ तो स्वतःपुरता लावतो: प्रश्नच बावळट असणार, सर रागावले असणार, मराठी चुकलं असणार. उर्दू किंवा तेलुगू बोलणाऱ्या घरांतून आलेल्या मुलांची ही शेवटची भीती मी अनेकदा ऐकली आहे. दुसऱ्यांदा लिहिणं त्यांना उद्धटपणा वाटतो. मोठ्या माणसाला आठवण करून द्यायची नाही, हे आपणच त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं. मग ते वाट पाहतात, आणि एखाद्या आठवड्यात वाट पाहणंही थांबतं.

दूरशिक्षणाला हे दुखणं नवं नाही. मुंबई विद्यापीठाने पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू केले 1971 मध्ये. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं आणि राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे या विद्यापीठाचं ब्रीद. तिथे शिकवणाऱ्याला संमंत्रक म्हणतात, आणि विद्यार्थी पुस्तकावरून स्वतःच शिकत असताना अडला तर त्याला वाट दाखवणं हे त्याचं काम. पुस्तक घरी पोहोचवायची व्यवस्था होऊ शकते, ती झालीही. अडलेल्या माणसाला वेळेत उत्तर मिळण्याची व्यवस्था मात्र बहुतेक ठिकाणी संमंत्रकाच्या भल्या स्वभावावरच सोडलेली असते.

नॉर्वेत टॉर्स्टेन रेक्केडाल नावाच्या संशोधकाने 1970च्या दशकात नेमका हाच प्रश्न तपासला. एनकेआय या पत्रद्वारा शिक्षण देणाऱ्या शाळेत काही विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासून लवकर, आठवड्याच्या आत परत पाठवले. बाकीच्यांचे नेहमीच्या गतीने गेले. अभ्यासक्रम तोच, शिक्षणसंस्थाही तीच. ज्यांना लवकर उत्तर मिळालं त्यांच्यात अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय जास्त निघालं. टपालाच्या काळातली ही गोष्ट. आज मेल क्षणात पोहोचतो, त्यामुळे उशिराचा सगळा भार शिकवणाऱ्याच्या बाजूला येतो. टपालखात्याकडे बोट दाखवायची सोय उरलेली नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकरांची एक पद्धत होती. शाळेत व्याख्यान झालं की मुलं स्वाक्षरीसाठी वह्या घेऊन भोवती जमत. ते म्हणत, मी अशी स्वाक्षरी देत नाही. मला पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. पुण्यात 1988 मध्ये आयुका ही संशोधनसंस्था उभारणारा, विश्वाच्या उत्पत्तीवर जगभर वाद घालणारा हा खगोलशास्त्रज्ञ पोस्टकार्डांना उत्तरं लिहायचा. त्यांच्या पोस्टकार्डातली मला सर्वांत मोलाची वाटते ती अट. सही हवी तर आधी प्रश्न विचारावा लागे, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याचा मान त्यांनी सही मागणाऱ्यापेक्षा वर ठेवला होता. 20 मे 2025 रोजी ते गेले. ती पोस्टकार्डं जपून ठेवलेली मुलं आज स्वतः शिकवत असतील, संशोधन करत असतील.

सगळ्यांनीच त्यांच्यासारखं व्हावं असं म्हणणं अन्यायाचं होईल. मी मागते आहे ते फार थोडं आहे. मानकोली, काल्हेर, रहनाळच्या गोदामांत आमच्या कितीतरी विद्यार्थिनी काम करतात. दिवसभर त्या खोक्यांवरचे बारकोड स्कॅन करतात. प्रत्येक स्कॅनबरोबर दूरच्या कुणा ग्राहकाला कळतं की आपली वस्तू मिळाली, निघाली, गुरुवारी येईल. चपलांच्या जोडाला इतकी दाद मिळते, आणि तीच मुलगी रात्री घरी येऊन पाठवते त्या शंकेला मिळत नाही. ‘मेल मिळाला. मंगळवारी कळवते.’ एवढी एक ओळ लिहायला लागतो किती वेळ? खरं उत्तर मंगळवारीच जाऊ दे. पण ती मुलगी चार दिवस स्वतःला दोष देत बसणार नाही.

आता विद्यार्थ्यांची बाजू. विषयाची जागा रिकामी, मजकुरात ‘सर उत्तर नाही आलं प्लीज’, खाली नाव नाही, पीआरएन (नोंदणी क्रमांक) नाही, आणि सोबत अंधारात काढलेला पानाचा तिरका फोटो. असा मेल आला की शिक्षकाचा पहिला अर्धा तास हा कोण, कुठला, कोणत्या विषयाचा हे शोधण्यात जातो आणि मेल बाजूला पडतो. त्याच मुलाला एकदा नीट दाखवून दिलं की पुढच्या वेळी तो असा लिहितो: विषयात ‘सांख्यिकी, स्वाध्याय 2, प्रश्न 4’. मजकुरात नाव, पीआरएन, अभ्यासकेंद्र. आणि मग: ‘मध्यक काढताना वर्गाची खालची मर्यादा 30 घेतली. माझं उत्तर पुस्तकापेक्षा अर्ध्याने जास्त येतंय. 29.5 घ्यायची होती का?’ याला दोन ओळी पुरतात. वर्ग 30 ते 39, 40 ते 49 असे दिले असतील तर 29.5, 30 ते 40, 40 ते 50 असे असतील तर 30. खरं तर लिहिता लिहिता उत्तर त्याच्याच हाती लागलेलं आहे; त्याला हवा आहे तो दुजोरा. मेलचे रिवाज सत्राच्या पहिल्या आठवड्यात दाखवावेत ते यासाठी. नुसता ‘आदरणीय सर’ लिहायला शिकवून भागत नाही.

‘चोवीस तासांत उत्तर देऊ’ हे वाक्य हल्ली पुष्कळ अभ्यासक्रमांच्या माहितीपत्रकात असतं. मला ते आवडत नाही, कारण पाळलं जात नाही. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगावं की मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी दहा ते बारा मी मेलला बसते. रात्री नऊनंतर बघत नाही. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात रोज बसेन. भिवंडीत शिकवणाऱ्याने त्या दोन दिवसांत शुक्रवार धरावाच, म्हणजे विद्यार्थ्याच्या सुटीच्याच दिवशी त्याच्याशी दोन-तीनदा बोलणं होतं आणि आठवड्याचा फेरा वाचतो. दिलेली वेळ एकदा पाळलेली दिसली की मुलं रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर ‘मॅडम आहात का’ असं विचारत नाहीत. त्यांना उत्तराची खात्री हवी असते, ती मिळालेली असते.

यात एक अडचण मात्र आहे आणि ती शिक्षकाच्या स्वभावाने सुटणारी नाही. महाराष्ट्रात महाविद्यालयांमध्ये शिकवणारे असंख्य तरुण शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात; मेलला बसलेल्या तासाची कुठेच नोंद नाही. दोन-तीन महाविद्यालयांत धावून, लोकलने घरी परतून, जेवणानंतर कुणी शंकांना उत्तरं लिहीत असेल, तर ते शिकवणंच आहे, आणि अडलेल्या विद्यार्थ्यासाठी बहुधा तेच सर्वांत उपयोगाचं शिकवणं आहे. संस्थांनी ते फुकट घेऊ नये. तासिकांच्या तक्त्यात आठवड्याला दोन तास शंकानिरसनाचे म्हणून लिहावेत, त्यांचं मानधन द्यावं आणि ती वेळ विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी कळवावी. मग उशीर झालाच तर जाब विचारायचा हक्क संस्थेलाही राहील आणि त्या मुलालाही.