पोटात घालणे

आपल्या भाषेत काही शब्दप्रयोग असे आहेत की, ते उच्चारताना आपण कुणाच्या नावावर केवढी उसनवार करतो आहोत हे आपल्या ध्यानातही येत नाही. ‘पोटात घालणे’ हा त्यांतलाच एक. लेकराची आगळीक आई पोटात घालते, धाकट्याचा उद्धटपणा थोरला पोटात घालतो, आणि सगळ्यांचे सगळेच धरित्री पोटात घालते. संस्कृतात तर पृथ्वीचे एक नावच ‘क्षमा’ असे आहे. समानार्थी शब्द शिकवताना गेली वीस वर्षे मी ते फळ्यावर लिहीत आलो आहे : पृथ्वी, धरा, वसुंधरा, क्षमा. मुले उतरवून घेतात आणि तास संपतो. त्यांतल्या चौथ्या शब्दाचा अर्थ मला वयाची चाळिशी उलटल्यावर कळला, आणि तो शिकवला एका शोषखड्ड्याने.

आमचे गाव अलिबागच्या दक्षिणेला, डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले आहे. खाली पुळणीलगत नारळी-सुपारीच्या वाड्या, वर डोंगराच्या पायथ्याशी घरे. माझे घर वरच्या अंगाला. बारा वर्षांपूर्वी पतपेढीचे कर्ज काढून ते बांधले, तेव्हा संडासाच्या टाकीमागे शोषखड्डा खणताना चार फुटांवर काळा कातळ लागला. आता सुरुंगाचा खर्च येणार म्हणून मी धास्तावलो. गवंडी खाली उतरला, पहारीने कातळ ठोकून पाहिला आणि हसत म्हणाला, “नशीबवान आहात, मास्तर. कातळाला फट आहे. तुमचा खड्डा जन्मात भरायचा नाही.”

आणि खरोखरच तो भरला नाही. भर आषाढात इतरांचे खड्डे तुंबत, उपसा करणाऱ्या गाडीला पैसे मोजावे लागत. माझा खड्डा मात्र कोरडा ठणठणीत. ही गोष्ट मी चारचौघांत कौतुकाने सांगत असे. जे भरत नाही ते जाते कुठे, हा प्रश्न एकदाही मनात आला नाही. वर्गात मुलांना ‘का?’ विचारा म्हणून सांगणाऱ्या मास्तराचीही अशी गत असते.

ते जात होते शेजारच्या काकूंच्या विहिरीत. गडग्यापलीकडे, उताराखाली ती विहीर आहे. गावात नळ आला आहे, पण तो एक दिवसाआड. पिण्याला विहिरीचेच पाणी. तीन वर्षांपूर्वी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या तोंडाला, ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाने विहिरींचे नमुने तपासायला नेले. काकूंच्या विहिरीचा कागद आला तो घेऊन त्या माझ्याकडेच आल्या. गावात कुणाचा कागद वाचायचा झाला तर मास्तराकडे यावे, ही जुनी रीत. कागदावर लिहिले होते : पिण्यास अयोग्य. पाण्यात विष्ठेतले जंतू होते, आणि लिटरला ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची जी मर्यादा आपल्याकडे ठरलेली आहे, तिच्यापेक्षा ते पुष्कळ जास्त होते.

मी वाचून दाखवले. पहारीचा आवाज त्याच क्षणी माझ्या कानात वाजला. पण तोंडाने मी म्हणालो, “पावसाचं पाणी मुरलं असेल, काकू. टीसीएल टाकायला सांगा, आणि उकळून प्या.”

त्या घरात तेव्हा काकूंची लेक बाळंतपणाला आलेली होती. बाळाला वरचे दूध चालू होते, आणि भुकटीच्या त्या दुधात पाणी जात होते ते विहिरीचेच. टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेट मरत नाही. उकळल्याने तर पाण्याची वाफ होते आणि नायट्रेट मागे राहून दाट होते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्तीच ते हिरावून घेऊ शकते. बाळ निळे पडू लागते. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हते. आठवड्याभरात ठाऊक झाले, आणि तरीही मी चार महिने बोललो नाही. बाळ सुखरूप राहिले, पण त्याचे श्रेय माझ्याकडे नाही.

त्या चार महिन्यांत मी काय केले, तर वाचले. माझे शास्त्राचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही; शब्दकोश शेजारी ठेवून मी वाचत होतो, आणि खरे सांगायचे तर ज्ञानासाठी नव्हे, सुटकेसाठी वाचत होतो. माती सगळे पोटात घालते, हे कुणीतरी छापील कागदावर मला सांगायला हवे होते.

आणि सुरुवातीला ते मिळालेही! धरित्रीला पोट आहे, हे अलंकारिक बोलणे नाही, ते अक्षरशः खरे आहे. चिमूटभर चांगल्या मातीत कोट्यवधी जीवाणू असतात. आपल्या दृष्टीने जी घाण, ते त्यांचे अन्न. प्राणवायू असेल तोवर ते आपल्यासारखाच प्राणवायू घेतात. तो संपला की नायट्रेटवर श्वास भागवतात, मग लोहावर, मग गंधकाच्या क्षारांवर. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी तेलाची नळवाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर कच्चे तेल जमिनीवर सांडले. उपसून, जाळून, खरवडून झाल्यावरही सुमारे चार लाख लिटर जमिनीतच राहिले. शास्त्रज्ञांनी ते मुद्दाम तसेच ठेवून वर्षानुवर्षे अभ्यासले. भूजलात विरघळलेले बेन्झीन जितके दूर जाईल असे वाटले होते, तितके ते गेले नाही. वाटेतच जीवाणू त्याला गिळीत होते. मात्र चाळीस वर्षे उलटली तरी ते जेवण संपलेले नाही.

हे वाचून मी क्षणभर सुखावलो. पण ते गाव रेताड जमिनीचे होते. तिथे पाणी कणाकणाला चिकटत, वळसे घेत, दिवसाला काही बोटे सरकते, आणि त्या कणाकणावर जीवाणूंच्या पंगती बसलेल्या असतात. आमच्या काळ्या कातळात असे काही नाही. कातळ स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही. पाणी वाहते ते त्याच्या सांध्यांतून आणि भेगांतून, आणि ते सरकत नाही, धावते. जीवाणू भेगांतही असतात. पण दारावरून धावत गेलेल्या पाहुण्याला यजमानाने जेवू घालायचे कसे? विहीर आणि खड्डा यांच्यामध्ये अमुक इतके अंतर ठेवावे असे सांगतात, ते मातीच्या भरवशावर. भेगेला अंतर कळत नाही.

त्याहून मोठा धक्का पुढे बसला. विहिरीतले ते नायट्रेट माझ्या खड्ड्यातून जसेच्या तसे गेलेले नव्हतेच. मलमूत्रातल्या नत्राचा आधी अमोनिया होतो. कातळावरच्या चार फूट हवेशीर मातीतले जीवाणू त्याचे नायट्रेट करतात. पुढे हवा नसलेल्या, खोल, सेंद्रिय खाद्य असलेल्या मातीत दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू करून आकाशाला परत देतात. काम दोन पाळ्यांचे आहे. माझ्या जागी पहिली पाळी भरत होती. दुसऱ्या पाळीला माती नव्हती. म्हणजे काकूंच्या विहिरीत जे सापडले, ती धरित्रीची अर्धवट राहिलेली क्षमा होती.

अशी अर्धी क्षमा कधीकधी अपराधाहूनही वाईट असते. यंत्रांवरचे ओंगण धुवायला ट्रायक्लोरोइथिलीन नावाचे द्रव्य जगभर वापरले गेले आणि ठिकठिकाणी जमिनीत मुरले. त्यात क्लोरीनचे तीन अणू असतात. जीवाणू ते एकेक करून सोडवतात. दोन सोडवून काम थांबले तर उरते व्हिनाइल क्लोराइड, आणि त्याने माणसाला कर्करोग होतो हे निःसंशय ठरलेले आहे. तिसरा अणूही सोडवून हे काम तडीस नेणारा डीहॅलोकोकॉइडिस हा जीवाणू कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगळा करून १९९७ साली जगापुढे मांडला. तो सापडला कुठे, तर सांडपाण्याच्या गाळात! आणि खडकाची स्मरणशक्ती तर माणसाहून तिखट. न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ नौदलाचे विमानांची इंजिने तपासण्याचे केंद्र होते. तिथल्या भेगाळलेल्या, गाळापासून बनलेल्या खडकात हेच द्रव्य उतरले. भेगांतले पाणी वर्षानुवर्षे उपसून स्वच्छ केले, तरी खडकाच्या अंगात मुरलेले विष हळूहळू भेगेत परत येत राहिले. आपण ज्याला ‘झाले गेले विसरून जा’ म्हणतो, ते खडकाला ठाऊक नाही.

वाचकहो, इथवर आल्यावर माझा मूळ प्रश्न उलटा झाला. धरित्री पोटात घालते की नाही, हे मी विचारीत होतो. विचारायला हवे होते ते असे : पोटात घालणारा कुणी आहे, एवढ्यावरून ओतण्याचा अधिकार मला मिळतो काय? क्षमा म्हणजे मनाचा मोठेपणा, एक शब्द उच्चारला की झाले, असे आपण समजतो. मातीकडे पाहिले म्हणजे कळते की क्षमा हे काम आहे. त्याला वेळ लागतो, खाद्य लागते, जागा लागते, आणि करणारे हात लागतात, मग ते कितीही सूक्ष्म असोत. ज्याला आपण उदार म्हणून गौरवतो, त्याला बहुधा आपण राबवीत असतो.

आमच्या जिल्ह्याने तर हा धडा कधीच शिकायला हवा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळीने प्याले, आणि त्यांच्यामागून हजारो माणसे प्याली. त्यानंतर गावातल्या सनातन्यांनी तळे बाटले म्हणून त्याची शुद्धी केली : शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी त्यात रिचवून. तळे सर्वांना खुले असल्याचा निकाल उच्च न्यायालयात लागायला १७ मार्च १९३७ उजाडावे लागले. जंतुशास्त्राच्या नजरेने ती शुद्धी पाहावी. माणसाच्या ओंजळीने पाण्याचे काही बिघडले नव्हते. शेणाने बिघडत होते. घाण नव्हती तिथे ती ओतली, आणि तिला शुद्धी म्हटले.

यामागे केवळ अज्ञान होते असे मला वाटत नाही. समाजालाही एक पोट लागत होते. गावाची मेलेली जनावरे, मैला, केरकचरा ज्यांच्या पदरात घालायचा, ती माणसे गावाची माती झाली होती. आणि ती आपले सगळे पोटात घालतात, यासाठी कृतज्ञ व्हायचे सोडून आपण त्यांनाच घाण ठरवले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांना हे उमगले होते. रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून १९३२ साली त्यांनी उपोषण केले, आणि पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारे साधे संडास उभे केले. माणसावर लादलेले काम त्यांनी मातीकडे सोपवले. पण मातीला हवा तो वेळ आणि हवी ती जागा देऊन सोपवले. हा फरक महत्त्वाचा आहे. माणसाने डोक्यावरून मैला वाहू नये, हे कायद्याने सांगायला मात्र १९९३ साल यावे लागले, आणि तेच २०१३ साली पुन्हा सांगावे लागले.

असो. दुसऱ्यांच्या पापांची मोजदाद करताना लेखणी सुरेख चालते; स्वतःकडे आले की अडखळते. माघात एका संध्याकाळी मी काकूंच्या ओटीवर गेलो. भेगेची, खड्ड्याची, चार महिन्यांच्या मौनाची सारी हकिगत सांगितली. शोषखड्डा बुजवतो आणि घराच्या दुसऱ्या अंगाला, जिथे माती पुरुषभर खोल आहे तिथे, उथळ चर खणून सांडपाणी केळी-कर्दळींना फिरवतो, असे म्हणालो. आणि शेवटी, सवयीने, तोंडातून निघून गेले, “झालं ते पोटात घाला, काकू.”

त्या सुपातले तांदूळ निवडीत होत्या. हात थांबला नाही. म्हणाल्या, “पोटातच घातलं की, मास्तर. चार महिने रोज. त्या पोरीनंपण घातलं.”

त्यावर काय बोलणार? मी उठलो. खड्डा मी बुजवला, चर खणले. केळी जोमाने वाढल्या आहेत. पहिल्या वर्षी विहिरीतले नायट्रेट फारसे उतरले नाही, दुसऱ्या वर्षी उतरले. यंदा दिवाळीच्या तोंडाला पुन्हा अहवाल आला. पाणी मर्यादेच्या आत आहे. भेगेने आपले काम केले : पावसाने ती धुतली, आणि उरलेसुरले असेल ते मातीने संपवले असेल.

मला हे कळले ते शाळेत. काकूंनी या खेपेला कागद माझ्याकडे आणला नाही. माझ्याच वर्गातल्या एका मुलाला ओटीवर बोलावून त्याच्याकडून तो वाचून घेतला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा मोठ्या ऐटीत मला सांगत आला, “गुरुजी, मी सगळा वाचला. एकही शब्द अडला नाही.” मी त्याला शाबासकी दिली, आणि त्या दिवशी समानार्थी शब्दांचा पाठ होता तो उद्यावर ढकलला.