देशाटन कुणाला घडवते?

घर सोडून चार मुलूख पाहिले की माणूस शहाणा होतो, ही समजूत मराठीत इतकी मुरली आहे की तिचा पुरावा कुणी मागत नाही. मोरोपंतांच्या नावाने सांगितली जाणारी एक आर्या पिढ्यान्‌पिढ्या मुलांकडून पाठ करून घेतली गेली, आणि तिच्यात देशाटनाला ग्रंथवाचनाच्याही आधीचे स्थान आहे. ती पाठ करणाऱ्या समाजाची प्रत्यक्ष रीत मात्र निराळी होती. पेशव्यांच्या स्वाऱ्यांबरोबर हजारो माणसे उत्तरेत गेली, पण ती छावणीसकट. तो विषय वेगळा. साध्या गृहस्थाला ठाऊक असलेला लांबचा प्रवास म्हणजे तीर्थयात्रा, आणि तीर्थयात्रेहून माणसाने बदलून यावे अशी कुणाचीच अपेक्षा नव्हती. वाटेत सोवळे सांभाळायचे, आपल्या जातीच्या हातचेच खायचे, पाप धुऊन त्याच घरात परतायचे. काशीचे मावंदे घातले की यात्रा संपली. समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे. त्याला शास्त्राचा आधार दिला जाई, पण मला त्यात एक अगदी नेमकी भीती दिसते. परक्यांच्या पंगतीला बसून आलेला माणूस घरच्या पंगतीकडे पूर्वीच्या नजरेने पाहणार नाही, हे शास्त्रीमंडळींनी ओळखले होते. देशाटनाने काय होते, हे त्याची स्तुती करणाऱ्यांपेक्षा त्याला अटकाव करणाऱ्यांना अधिक कळले होते.

विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक जुन्या आणि नव्या कल्पनेच्या सांध्यावर उभे आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक 1857 साली उत्तरेकडे निघाले ते कर्जापायी. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, हा हिशेब. मध्येच बंड पेटले, झाशीच्या वेढ्यात ते शहरातच अडकले, गाठीचे लुटले गेले, आणि अखेर आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी आले. शेवट तीर्थयात्रेचाच झाला. पण ज्याची सारी विद्या दुसऱ्यांचे शब्द जसेच्या तसे म्हणण्याची, त्याने पुढे स्वतः पाहिलेले स्वतःच्या शब्दांत लिहिले. चिंतामण विनायक वैद्य यांनी ते 1907 साली छापले. देशाटनाने भिक्षुकाचा साक्षीदार केला, ही काही थोडी वाढ नव्हे. तरीही घरच्या रीतीभातींबद्दल त्यांना फारसे प्रश्न पडलेले दिसत नाहीत. परमुलखात ते पोट भरायला गेले, पण वावरले आपल्याच लोकांत, आपल्याच मानाने.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात दोन्ही तऱ्हेचे प्रवास आहेत, म्हणून या प्रश्नावर त्यांच्याइतकी चांगली साक्ष दुसरी नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्यामागून त्या लहानपणापासून तीर्थक्षेत्रे पायी हिंडल्या. त्या भटकंतीत त्यांना संस्कृत विद्या मिळाली आणि त्याच भटकंतीत दुष्काळाने आईवडील गेले. दुसरा प्रवास अमेरिकेचा, 1886 पासूनचा. तिथे त्या कुणाच्या मागून चालत नव्हत्या. व्याख्याने देत होत्या, पुस्तक लिहून पैसे उभे करत होत्या, बायकांनी चालवलेल्या संस्थांचा कारभार कसा चालतो ते पाहत होत्या. 1889 साली मुंबईत शारदासदन उघडले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे मराठी पुस्तक आले. पहिल्या प्रवासातले अंतर काही कमी नव्हते. फरक होता तो तिथल्या माणसांत काम करण्याचा, आणि त्या कामाला तिथे मिळालेल्या मानाचा.

यावर आक्षेप येईल की परदेशात कुठे समता होती? खरे आहे. काळ्या लोकांना तिथे कसे वागवतात, हे खुद्द रमाबाईंनीच त्या पुस्तकात नोंदवले आहे. पण परमुलूख निर्दोष असावा लागतो, असे माझे म्हणणे नाही. घरची रीत हा सृष्टीचा नियम नसून माणसांनी घातलेली वहिवाट आहे, एवढे तिथे अंगाने अनुभवता आले तरी पुरते. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर 1913 साली न्यूयॉर्कला गेलेल्या डॉ. आंबेडकरांनी पुढे लिहिले आहे की त्या परदेशवासात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत ओळख लपवून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या लोकांनी हुसकावले. अस्पृश्यतेचा जाच त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. पण तो अटळ नाही, याचा पुरावा आता त्यांच्या स्वतःच्या जगण्यात होता, आणि कोणत्याही ग्रंथाला तो खोडून काढता येणार नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. घर न सोडताही माणसे मोठी होतात. बहिणाबाई चौधरींनी कोणते देशाटन केले होते? त्याचे उत्तर शोधताना एक गोष्ट लख्ख दिसते. असोद्याची ही मुलगी जळगावला सासरी गेली, म्हणजे घर सोडूनच गेली. परक्या घरात, परक्या माणसांत, जन्मभर कामासाठी जाणे आपल्याकडे शतकानुशतके लाखो मुलींच्या वाट्याला आले. पण त्याला देशाटन कुणी म्हटले नाही आणि त्याने चातुर्य येते असेही कुणी म्हटले नाही. कारण सासरी गेलेल्या मुलीने नवे काही विचारायचे नव्हते, माहेरी येऊन तुलना करायची नव्हती, पटले नाही म्हणून परतायचे नव्हते. बहिणाबाई वाढल्या त्या स्वतःच्या प्रतिभेने. त्या व्यवस्थेला त्याचे श्रेय देता येत नाही. पुरुषांच्या देशाटनाचा भारही पुष्कळदा याच बायकांनी वाहिला. धर्मानंद कोसंबी 1899 साली गोव्यातून बुद्धाच्या शोधात निघाले आणि नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश करत पालीचे मोठे पंडित झाले. बायको आणि तान्ही मुलगी मागे राहिली. मुंबईच्या गिरणीत गेलेला चाकरमानी सभा, संप, शाहिरी यांतून जग शिकला, आणि कोकणातली त्याची कारभारीण मनिऑर्डरची वाट पाहत शेत राखत राहिली. कोसंबींचे काम यामुळे उणे होत नाही. पण देशाटनाचा हिशेब मांडताना खर्चाची ही बाजू वगळली तर तो हिशेब खोटा ठरतो.

आज महाराष्ट्रात सर्वांत नेमाने घर सोडते ते बीडकडचे ऊसतोड कुटुंब. दरवर्षी पाच-सहा महिने ते सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडांवर असते. नुसत्या प्रवासाने आणि कष्टाने माणूस घडत असता तर यांच्याइतके घडलेले कुणी नसते. पण मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना परतता येत नाही, राहायचे ते गावाबाहेरच्या कोपीत, आजारी पडले तर खाडा. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो, तेव्हा तिची वेगळी मजुरी कागदावरही येत नाही. त्या बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये इतका गाजला की सरकारला समिती नेमावी लागली. हे कुटुंब वर्षानुवर्षे परमुलखात जाते, पण तो मुलूख त्यांना कधी भेटतच नाही. भेटतो तो फड. म्हणून तरुणांना बाहेर पडा, जग बघा असे सांगणाऱ्यांनी आधी या बाईच्या नावाने स्वतंत्र मजुरी मागावी, आणि तिच्या मुलांसाठी हंगामभर नीट चालणारी शाळा.