जमिनीत जमा

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात डनॉली नावाचं छोटं गाव आहे. १८६९ साली जवळच्या मोलियागुलला जॉन डीसन आणि रिचर्ड ओट्स यांना एका झाडाच्या मुळांपाशी, जमिनीखाली जेमतेम तीन सेंटिमीटरवर, सोन्याचा प्रचंड गोळा सापडला. तो डनॉलीच्या तराजूत मावेना. ऐरणीवर घालून तुकडे केले, तेव्हा कुठे वजन झालं. पुढे १९८० मध्ये त्याच मुलखात, किंगोवरला, मेटल डिटेक्टरने सुमारे २७ किलोंचा गोळा मिळाला. अशा गोष्टी ऐकून आलेल्या माणसाला धीर धरवत नाही, हे ओघानं आलंच.

मेलबर्नहून आलेला भाचा त्यातलाच. आत्या बेंडिगोच्या एका इस्पितळातून नर्स म्हणून निवृत्त झालेली, आणि सुटीच्या दिवशी रानात डिटेक्टर फिरवण्याचा तिला जुना नाद. भाच्याने नवंकोरं मशीन आणलं होतं, सोनं शोधायचा सरकारी परवानाही काढला होता. आत्याने लाल मातीवर बूट घासून दाखवला.

"या मातीत लोह भरपूर आहे. मशीन खाली चुंबकीय क्षेत्र सोडतं, त्याला धातू उत्तर देतो, तशी ही मातीही देते. मातीचं उत्तर वजा करायचं, तो ग्राउंड बॅलन्स. मोकळ्या जागी कॉइल वर-खाली कर. कॉइल वर-खाली होताना हेडफोनमधली गुणगुण सारखीच राहिली, की जमलं."

"हे मशीन आपोआप करतं, आत्या. ट्रॅकिंग आहे."

आत्या काही बोलली नाही. ट्रॅकिंग वाईट नसतंच. पावलागणिक माती बदलते तिथे मशीन चालता चालता स्वतःला जुळवून घेत राहतं, आणि हात मोकळा राहतो.

सकाळभरात भाच्याला तीनदा काहीतरी पुसटसं ऐकू आलं. तो सावध माणूस. उगाच खड्डा खणायला नको म्हणून दर वेळी त्याच जागेवरून पुन्हा कॉइल फिरवायचा. आवाज बारीक व्हायचा. आणखी फिरवली की आणखी बारीक, मग नाहीच. 'भास,' म्हणून तो पुढे जायचा. दुपारपर्यंत त्याचं मत पक्कं झालं, की या रानात आता काही उरलेलं नाही.

चौथ्या वेळी आत्या शेजारी होती.

"का थांबलास?"

"आवाज आल्यासारखा वाटला. आता नाही."

"कितीदा फिरवलीस?"

"खात्री करत होतो."

"खात्री नाही, तू मशीनला पढवत होतास," आत्या म्हणाली. "ट्रॅकिंगला सोनं कळत नाही आणि मातीही कळत नाही. जे पुन्हा पुन्हा समोर येतं ते जमीन, एवढंच त्याला कळतं. क्षीण आवाजावरून दहा वेळा गेलास, त्याने तो जमिनीत जमा केला. वॉर्डात असंच व्हायचं. एखादे आजोबा पहिल्या रात्री कण्हले की आम्ही धावायचो. तिसऱ्या रात्री कोणी ना कोणी म्हणायचंच, ते कण्हतातच."

तिने त्याला दोन पावलं बाजूला नेलं. तिथे काही वाजत नाही हे आधी पाहिलं, कारण धातूवरच बॅलन्स केला तर तोच वजा होतो. कॉइल वर-खाली करून गुणगुण स्थिर होऊ दिली आणि मग ट्रॅकिंग बंद करून बॅलन्स तिथेच कायम केला. पुन्हा जुन्या जागेवर आल्यावर आवाज होता. पुसट, पण दर फेरीला तेवढाच.

"आता खणू?"

"आधी चार बोटं माती खरवड आणि ऐक. जवळ गेल्यावर आवाज वाढला तर खाली काहीतरी आहे."

वाढला. वीतभर खाली शिशाची जुनी गोळी निघाली, पांढुरकी पडलेली. भाचा हिरमुसला. आत्याने गोळी पुसून पिशवीत टाकली आणि खड्डा बुजवायला लावला; परवान्याची तशी अटच आहे.

माती दाबता दाबता भाच्याचा हात थांबला.

"आत्या, सकाळचे तीन आवाज?"

"कुठे होते?"

त्याने मान वळवून पाहिलं. सगळीकडे तीच आयर्नबार्कची काळी खोडं, तीच लाल जमीन, तेच खडे. खणलं असतं तर ताजी माती तरी दिसली असती.

"खूण केली होतीस?"

"भासाची कोण खूण करतं?"

"पण आला होता ना आवाज?"

तिन्ही वेळा पहिली फेरी त्याला स्वच्छ आठवत होती. जागा मात्र एकही आठवेना. ट्रॅकिंग बंदच ठेवून तो सकाळच्या वाटेने उलटा निघाला, आणि दर थोड्या अंतरावर थांबून कॉइल वर-खाली करत बॅलन्स तपासत राहिला. संध्याकाळपर्यंत घोड्याच्या नालेचा एक खिळा आणि बंदुकीचे दोन छर्रे मिळाले. ते सकाळच्या तिनांपैकी होते की नाहीत, हे आत्यालाही सांगता आलं नाही.