दुखण्याआधीची विचारपूस

दुखणे आले म्हणजे डॉक्टरांकडे जावे, हा आपला जुना रिवाज. काही दुखत नसताना शरीराची तपासणी करून घेणे मात्र अद्याप आपल्या अंगवळणी पडलेले नाही. ‘देवाच्या मनात असेल ते होईल’ असे म्हणून अनेक भाविक ती टाळतात. ही खरोखर श्रद्धा आहे काय?

मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देवदूत तुला झेलतील, असे सैतानाने प्रभू येशूला सुचवले. प्रभूने ते नाकारले. टाळता येण्याजोगे संकट ओढवून घेऊन परमेश्वराची परीक्षा पाहणे, याला त्याने विश्वास मानले नाही. सिराकच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात तर वैद्य आणि औषध ही परमेश्वराचीच योजना असल्याचे सांगितले आहे. जीवन ही आपल्या हाती सोपवलेली ठेव आहे. ठेव सांभाळणाऱ्याने डोळे मिटून बसू नये.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वर्षानुवर्षे गुपचूप वाढतो. वेळीच कळला तर तो रोखता येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ साली झोपडपट्ट्यांतील स्त्रियांसाठी एक साधी तपासणी सुरू केली. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देण्यात आले. सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, लावून त्या रोगाची पूर्वचिन्हे पाहत. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाले. तपासणी न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत येथे या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले होते.

म्हणजे आरोग्य शिबिर भरवले की आपले कर्तव्य संपले काय? येथेच खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. तपासणीत संशय आला म्हणजे रोग ठरला असे नव्हे. पुढील तपासण्या होईपर्यंत ती स्त्री एकटीच भीतीचा भार वाहते. जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या तत्त्वांत एक अट स्पष्ट आहे: ज्या रोगाचा शोध घ्यायचा, त्याच्या निदानाची व उपचाराची सोय उपलब्ध असली पाहिजे. उपचाराची वाट न दाखवता केवळ रोगाची वार्ता देणे ही सेवा नव्हे.

दयाळू शोमरोनी जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असा शब्द दिला. आपल्या धर्मग्रामातील शिबिरालाही हीच कसोटी लागू पडते. संशय आलेल्या भगिनीसोबत रुग्णालयात कोण जाईल? तिची बुडालेली मजुरी कोण भरून देईल? तिची मुले त्या दिवशी कोण सांभाळेल? आणि तिचा अहवाल चर्चच्या अंगणात चर्चेचा विषय होणार नाही, याची हमी कोण देईल?

घरातील सर्वांची काळजी वाहणारी माउली स्वतःची पाळी नेहमी शेवटी लावते. ‘तू आधी तपासून घे, आम्ही तुझ्यासोबत आहोत’, हे शब्द तिच्या पतीने आणि मुलांनी उच्चारावेत. पुढच्या प्रश्नांची उत्तरे मात्र साऱ्या धर्मग्रामाने द्यायची आहेत, आणि तीही शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वी.